चौबळांची तेलविहीर

"घ्या! आता तर कोर्टानंच सांगितलं, समुद्रात तेल नाही म्हणून!"

जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या आणि नाना, म्हणजे माझे सासरे, टीव्हीच्या इतके जवळ उभे होते की आम्हाला बातमीऐवजी त्यांची बंडीच दिसत होती.

"तेल नाही असं नाही म्हणालेलं कोर्ट," नाना म्हणाले. "काढू नका, एवढंच म्हणालंय."

"नसलेलं काढणार तरी कसं?"

"ज्योत्स्ना, हिला जरा समजावून सांग. सोप्या मराठीत सांग."

मी बँकेत नोकरीला, त्यामुळे पैशाशी लांबूनसुद्धा संबंध असलेली कुठलीही गोष्ट समजावून सांगायचं काम घरात माझ्याकडे. मी सांगितलं, की पृथ्वी तापत चाललीय, तेल जाळलं की ती आणखी तापते. सरकारनं सागरवैभव ऑइल कंपनीला आपल्या किनाऱ्यासमोर विहिरी खणायची परवानगी दिली तेव्हा या धुराचा हिशेबच धरला नाही, असं म्हणत काही मंडळी कोर्टात गेली होती. कोर्टाला त्यांचं पटलं. परवानगी रद्द, खोदकाम बंद.

जिजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे नाहीच ना तेल?"

नाना मटकन खुर्चीत बसले.

हे भांडण माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. ठाण्याला चरईतल्या आमच्या घरात तेव्हा फ्रीज नव्हता. जिजींनी पै-पै साठवून फ्रीजचे पैसे जमवले आणि नानांच्या हातात देऊन त्यांना दुकानात पाठवलं. कशाला पाठवलं, ते त्यांनाच ठाऊक! नाना वाटेत कुणा मित्राला भेटले आणि फ्रीजऐवजी सागरवैभव ऑइलच्या शेअरांचा फॉर्म भरून घरी आले. कोकणासमोरच्या समुद्रात तेल आहे, कंपनी ते काढणार आहे, मग आपण चार फ्रीज घेऊ, असं त्यांनी जिजींना सांगितलं. आम्ही सीकेपी. रोज ताजी मासळी आणायची आणि त्याच दिवशी संपवायची, असं जिजींनी पुढची कितीतरी वर्षं केलं. कुणी विचारलं की म्हणायच्या, "आमचा फ्रीज समुद्रात आहे. गार आहे म्हणे."

कंपनीनं काही तेल काढलं नाही. कधी परवानगी अडायची, कधी वादळ यायचं, कधी मशीन परदेशातून यायचं राहायचं. लाभांश म्हणून एकदा काहीतरी आलं होतं, त्यात नानांनी जिजींना गजरा आणला होता. पण दर वर्षी कंपनीचा जाडजूड अहवाल घरी यायचा आणि त्याच्या मुखपृष्ठावर निळ्या समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या, तेल खणायच्या रिगचा फोटो असायचा. आतलं एक पान नाना वाचत नसत. फोटो मात्र जिजींसमोर नाचवत. जिजी म्हणत, "फोटो काय, स्वर्गाचाही मिळतो. मला डोळ्यांनी तेल दाखवा. दाखवलंत तर मी चरईच्या नाक्यावर उभी राहून म्हणीन की तुम्ही शहाणे आणि मी मूर्ख."

बस्स. नानांना आयुष्यात तेवढंच हवं होतं. पैसे नकोत, फ्रीज तर मुलानं कधीच घेऊन दिला होता. जिजींना त्या रिगवर न्यायचं, तेल दाखवायचं आणि ते एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं. कंपनीच्या दर वार्षिक सभेत नाना उठून उभे राहत आणि भागधारकांना रिग दाखवायला न्या अशी मागणी करत. दर वर्षी तेच उत्तर मिळे: चालू रिगवर पाहुणे नेता येत नाहीत, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आणि आता ही बातमी. फोन वाजला. नानांचा ब्रोकर मुकुंद.

"नाना, शेअर आपटलाय हो! सगळे विकतायत, घ्यायला कुत्रं नाही. काय करू?"

"काही करू नकोस," नाना म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाईट वाटलं. जिजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी न मागता चहा आणून ठेवला.

नानांनी एक घोट घेतला आणि एकदम मान वर केली. "ज्योत्स्ना, बंद म्हणजे रिग अगदी पूर्ण बंद का गं?"

"पूर्ण बंद."

"एक स्क्रूसुद्धा फिरत नाही?"

"नाही, नाना."

"वा!" नाना म्हणाले आणि बशीत ओतून सगळा चहा एका दमात प्यायले.

*

सभा पुढच्याच आठवड्यात होती. हल्ली या सभा मोबाइलवर होतात, त्यात काही राम नाही. ही गोष्ट कोविडच्या आधीची. तेव्हा सभा मुंबईत मोठ्या हॉलमध्ये व्हायच्या आणि निवृत्त लोकांची ती हक्काची करमणूक होती. दहा-दहा शेअर घेऊन ठेवायचे, सभांना जायचं, अध्यक्षांना चार शब्द सुनवायचे आणि येताना खाऊचा पुडा आणायचा. पुड्याचं कूपन दारात मिळे, पुडा सभा संपल्यावर. आधी दिला तर हॉल रिकामा होतो, हे कंपन्यांना अनुभवानं कळलेलं.

मलाही जावं लागलं, कारण नानांनी मला लग्नात आहेर म्हणून याच कंपनीचे शेअर दिले होते. माझ्या आईनं ते पाकीट उघडून बघितलं तेव्हाचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जिजी पूर्वी कधीच आल्या नव्हत्या. या वेळी मात्र मोतिया रंगाची साडी नेसून सगळ्यांच्या आधी तयार.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"अंत्ययात्रेला जावं माणसानं," जिजी म्हणाल्या.

हॉल खच्चून भरला होता. पुढच्या रांगेत टाय लावलेले म्युच्युअल फंडवाले, एका कोपऱ्यात हातांनी रंगवलेले फलक घेऊन पर्यावरणवाली मुलं. त्यांनीही सभेत शिरता यावं म्हणून एकेक शेअर घेतला होता. आणि उरलेला सगळा हॉल म्हणजे पांढऱ्या केसांचा समुद्र. व्यासपीठावर अध्यक्ष कपाडिया बसले होते. गोरेपान, गोल, एरवी हसतमुख, पण त्या दिवशी रुमालानं सारखी मान पुसत होते.

पहिला एक फंडवाला उठला. त्यानं इंग्रजीत बरंच काही विचारलं. त्याचा अर्थ इतकाच की आमच्या पैशाचं काय झालं? कपाडिया म्हणाले, आम्ही निकालाचा अभ्यास करत आहोत. दुसरा उठला. त्यानं तेच आणखी लांब करून विचारलं. कपाडिया म्हणाले, आम्ही सखोल अभ्यास करत आहोत. मग कोपऱ्यातली एक मुलगी उठली, तिनं कोर्टाचं अभिनंदन केलं आणि अध्यक्षांना विचारलं की तुम्हाला नातवंडं आहेत का? कपाडियांनी खिशातून फोटो काढून दाखवला. काय बोलायचं ते बिचारी विसरून गेली.

मग तळपदे उठले. हे दादरचे निवृत्त मुख्याध्यापक, नानांचे सभामित्र. प्रत्येक कंपनीच्या सभेत स्वतःची कविता म्हणायची हा त्यांचा नेम.

"कपाडियांची थोर कीर्ती,
सागरासारखी भव्य मूर्ती,
कोर्टाने जरी लाविली कात्री,
लाभांशाची आम्हां खात्री!"

टाळ्या पडल्या. कपाडियांनी हात जोडले. एक फंडवाला शेजाऱ्याला काहीतरी विचारू लागला आणि शेजाऱ्यानं खांदे उडवले.

"सभ्य माणूस दिसतोय," जिजी माझ्या कानात म्हणाल्या. "पण तेल नाहीये हे त्याच्या तोंडावर दिसतंय."

तेवढ्यात नाना उठले. कोट, टाय, हातात अहवाल. माइकवर आधी दोनदा फुंकले.

"अध्यक्ष महोदय, मी मधुसूदन चौबळ, ठाणे. मी दर वर्षी रिग पाहण्याची मागणी करतो."

"चौबळसाहेब," कपाडिया ओळखीचं हसले, "आपल्याला माहीत आहे, चालू रिगवर सुरक्षिततेच्या कारणास्तव..."

"चालू कुठंय?" नाना म्हणाले.

नानांनी अहवाल उंच धरला.

"कोर्टानं बंद केलीय ना? एक स्क्रू फिरत नाही. मग धोका कसला? अहो, बंद पडलेल्या गिरणीत लोक सिनेमाचं शूटिंग करतात! आम्ही आपले कडेकडेनं बघून येऊ."

काय सांगू, छत उडेल असा गजर झाला. म्हातारी मंडळी बाकं वाजवायला लागली. कपाडियांच्या बाजूला बसलेले कंपनीचे सचिव घाईघाईनं त्यांच्या कानाला लागले. फंडवाल्यांपैकी एकजण उठून म्हणाला की कंपनी बुडायला आलीय आणि इथे सहलीची चर्चा काय चाललीय, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही!

"मग हात वर करून घ्या मत!" तळपदे ओरडले.

कपाडियांनी एकवार फंडवाल्यांकडे बघितलं. त्यांच्याकडे आणखी कितीतरी प्रश्न लिहून आणलेले दिसत होते. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर होती एवढी सुटका मी आधी किंवा नंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

"सभेची इच्छा असेल तर माझी ना नाही," ते म्हणाले. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

कोट्यवधी शेअरांच्या मालकांनाही हात दोनच, आणि त्यातला एकच वर करायचा. आमच्याकडे तर पांढऱ्या केसांचा अख्खा हॉल होता. काहींनी दोन्ही हात वर केले. पर्यावरणवाल्या मुलांनीही केले, त्यांनाही रिग बघायचीच होती. फंडवाला "धिस इज अ फार्स" म्हणत बसला. नानांनी वळून जिजींकडे बघितलं, नवरदेवासारखं.

"जायचं," जिजी म्हणाल्या. "मलाही संपवूनच टाकायचंय हे एकदाचं."

*

पहाटे भाऊच्या धक्क्यावरून कंपनीची मालवाहू बोट निघाली तेव्हा वर चाळीसएक भागधारक होते आणि प्रत्येकाकडे दुपारपर्यंत पुरून उरेल इतकं खाणं. जिजींनी आयुष्यात पहिल्यांदा माझा पंजाबी ड्रेस घातला होता, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. नाना म्हणाले, "कुमुद, तू कॉलेजातली दिसतेस."

"आणि तुम्ही कोट का घातलाय? तेलाला भेटायला?"

"उद्या फोटो येतील पेपरात."

नाना भलतेच खुशीत होते. बोटीच्या टोकाला उभे राहून भेटेल त्याला समुद्राच्या पोटातलं भूगोल-विज्ञान समजावत होते. तळपदे बाजूला उभे राहून यमकं जुळवत होते. किनारा दिसेनासा झाला, मोबाइलचं नेटवर्क गेलं, आणि बोटीनं हलायला सुरुवात केली. आधी डावी-उजवी, मग वर-खाली, मग दोन्ही एकदम.

"नाना, बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"उत्तम," नाना म्हणाले आणि कठड्यावर वाकले.

त्यानंतर सरळ झालेच नाहीत. आलं दिलं, लिंबू दिलं, तळपद्यांनी पाठीवर चोळून दिलं. शेवटी आम्ही त्यांना डेकवरच आडवं केलं, डोक्याखाली कुणाचीतरी थैली दिली. जिजी तोंडावर पाणी मारत, "कोट काढा म्हणते तर ऐकायचं नाही," असं पुटपुटत होत्या.

आणि रिग आली. फोटोत निळी दिसायची, प्रत्यक्षात गंजकी होती, पण केवढी! पाण्यातून निघालेले तीन अगडबंब पाय आणि त्यावर एक अख्खं गाव उचलून ठेवल्यासारखं. वर जायला जिना नव्हता. वरून क्रेनला लटकवलेली जाळीची टोपली खाली यायची, तिच्या कडेला उभं राहून दोर घट्ट धरायचे आणि क्रेन वर उचलून घ्यायची. ती बघितल्यावर बऱ्याच जणांना खालूनच रिग फार छान दिसू लागली.

बोटीवरच्या माणसानं नानांची नाडी बघितली आणि मान हलवली. "आजोबा, तुम्ही नाही जायचं. झोपून राहा."

नाना उठायला गेले आणि परत पडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या एका दिवसासाठी हा माणूस इतकी वर्षं माइकवर फुंकत आला होता.

"मी जाते," जिजी म्हणाल्या.

"कुमुद..."

"मलाच बघायचं होतं ना? मी बघते आणि तुम्हाला येऊन खरं खरं सांगते. आहे तर आहे, नाही तर नाही. चल गं ज्योत्स्ना."

टोपलीतून वर जाताना मी डोळे मिटून घेतले होते. जिजींनी मिटले नव्हते. "खाली बघ, सुरमई!" असं त्या ओरडलेल्या मला आठवतंय.

वर आमच्या गटाला घरत नावाचा इंजिनिअर भेटला. उरणचा, आगरी, पोटानं सुखी. कंपनीची कोट-टायवाली बाई बाकीच्यांचे फोटो काढत होती, तोवर तो आम्हाला पाइप, पंप, खणताना वापरायच्या चिखलाच्या टाक्या असं दाखवत गेला. जिजी सगळं ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही नाही. शेवटी एका कोपऱ्यात त्या थांबल्या.

"उरणचा म्हणजे तू आमच्यातलाच, मासे खाणारा. माझ्याशी खोटं बोलू नकोस. तेल कुठंय?"

घरतनं इकडेतिकडे बघितलं. "आजी, तुमचे शेअर किती आहेत?"

"फ्रीजभर."

त्याला काही ते कळलं नाही, पण तो हसला. "मग सांगतो. दोन विहिरी पूर्ण खणल्या. दोन्हीत खारं पाणी. तिसरी अर्ध्यावर होती, तिच्यातही काही लक्षण नव्हतं. इथे तेल नाही, आजी."

"मग कोर्टात एवढं भांडण कशावरून चाललं होतं?" मी विचारलं.

"तेच तर ना! पर्यावरणवाले म्हणतात जिंकलो, फंडवाले म्हणतात बुडालो, आणि आमचे साहेब लोक निकाल आला त्या दिवशी पेढे वाटायचेच काय ते राहिले. आता त्यांना सांगता येतं, कोर्टानं थांबवलं हो, नाहीतर तेल काढणारच होतो."

"पण लोकांपासून लपवलं की हे!"

"लपवलंय कुठे? अहवालात छापलंय. 'अपेक्षित निष्कर्ष प्राप्त झाले नाहीत.' पण आत उघडून वाचतं कोण, मॅडम?"

मग जिजींनी जी टाळी वाजवली, ती मला अजून ऐकू येते.

"बघ! बघ! मी काय म्हणत होते? पहिल्या दिवसापासून म्हणत होते! ज्योत्स्ना, तू ऐकलंस ना? साक्षीला राहायचं हं तू!" आणि त्या गंजक्या लोखंडावर माझी सासू माझ्या पंजाबी ड्रेसमध्ये चक्क गोल गिरकी मारून आली. घरत घाबरून म्हणाला, "आजी, कडेला जाऊ नका!"

टोपलीतून खाली येताना जिजी आपल्या वाक्याची तयारी करत होत्या. "अहो, तुमच्या विहिरीत मीठ तेवढं भरपूर आहे... नाही, असं म्हणते, अहो, मासळी खारवायला तुमची विहीर उत्तम..." मध्येच स्वतःशीच हसत होत्या. इतक्या वर्षांचं येणं वसूल होणार होतं. मला मनातून वाटत होतं, निदान घरी पोचेपर्यंत थांबल्या तर बरं. पण जिजींना सांगणार कोण?

बोटीच्या डेकवर पाय टेकले. नाना तसेच आडवे होते. तोंड पिवळं पडलेलं, टाय कानाजवळ गेलेला, एक बूट कुणीतरी काढून ठेवलेला. आमची चाहूल लागली तसे त्यांनी डोळे उघडले, आणि उठता येत नव्हतं म्हणून नुसती बोटं वर केली.

"आहे?" त्यांनी विचारलं.

जिजी त्यांच्याशेजारी खाली बसल्या. त्यांनी नानांचा टाय सरळ केला.

"आहे हो," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते? चांगलं काळंकुट्ट आहे. हात बुडवून बघितला मी. धुऊन धुऊन जाईना."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत."

"आणि ते दुसरं? ते नाक्यावर म्हणायचं?"

"नाक्यावर कशाला, इथेच म्हणते. तुम्ही शहाणे. मी मूर्ख. झालं?"

नाना हसले. ओठ फुटलेले, तरी हसले, आणि त्यांनी डोळे मिटले. मी जिजींकडे बघत राहिले.

"माझ्याकडे काय बघतेस?" जिजी म्हणाल्या. "समुद्राकडे बघ, नाहीतर तुलाही लागेल."

पण बोटीवर आम्ही तिघंच थोडेच होतो? टोपलीला घाबरून खाली राहिलेले सगळे नानांच्या भोवतीच बसले होते. तळपदे हळूच उठले आणि मोबाइल उंच धरून बोटीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे दुसरे, मग तिसरे. दुपारच्या उन्हात तीसएक म्हातारी माणसं मोबाइल आकाशाकडे धरून मुंबईची वाट बघत उभी, असं ते दृश्य होतं. किनाऱ्याजवळ नेटवर्क आलं आणि एकच कल्ला झाला.

"हॅलो, सागरवैभव घे! हो, हो, आताच्या आता! अरे, चौबळबाईंनी हात घालून बघितलंय!"

"तुडुंब आहे म्हणे! कोर्टबिर्ट काय, वरच्या कोर्टात जाता येतं!"

"जाणारच नाही म्हणे हाताचं!"

मी जिजींना कोपऱ्यात ओढलं. "जिजी, हे काय करून बसलात?"

"मी माझ्या नवऱ्याशी बोलत होते," जिजी म्हणाल्या. "बाकीच्यांनी कान का दिले?"

त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, पण बोलायची ऐट गेली नव्हती.

एवढ्या म्हाताऱ्यांनी घेऊन घेऊन किती घेणार? पण त्यांच्या ब्रोकरांना वाटलं, रिगवरून बातमी आलीय म्हणजे काहीतरी मोठं आहे. त्यांनी आपल्यासाठीही घेतलं, ओळखीच्यांनाही सांगितलं. बाजार बंद व्हायला थोडा वेळ राहिला असताना नानांचा फोन वाजला. नाना आता भिंतीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर जरा रंग आला होता. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"नाना, अहो काय चाललंय?" मुकुंद ओरडत होता. "तुमचा शेअर सुसाट सुटलाय! घेतल्यापासून असा भाव कधी बघितला नाही! उद्या हा भाव राहील की नाही सांगता येत नाही. माझं ऐका, आत्ता सगळे विकून टाका. बोला, विकू?"

नानांनी जिजींकडे बघितलं. "काय करू?"

जिजींनी माझ्याकडे बघितलं. बोटीवर सगळ्यांत आधी ज्यांनी विकायला हवं होतं ते हे घर, आणि ते तिथे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं, जेवढं काही हलवता येईल तेवढं हलवून 'विका, विका' म्हणत होते. त्यांच्या मनातलंही तेच होतं. त्यांनी श्वास घेतला.

"मी विकून टाका म्हटलं तर..." त्यांनी सुरुवात केली.

"तर मी विकतो," नाना म्हणाले. "इतकी वर्षं तुझं ऐकलं नाही, आज ऐकतो. तू बघून आलीस, मी नाही. पण कुमुद, आता कशाला विकायचं? आता तर आहे हे नक्की झालं ना?"

आणि ते जिजींकडे असे बघत राहिले की मीच मान फिरवली.

"नाना, लवकर बोला!" फोनमधून मुकुंद.

"ठेवा," जिजी म्हणाल्या. "विकायचं कशाला? असू दे."

"ठेवतो रे, मुकुंदा," नाना फोनमध्ये म्हणाले. "आमच्या घरी एकमत झालंय."

तिसऱ्या दिवशी कंपनीनं तेल सापडलेलं नाही असा खुलासा केला, शेअर पुन्हा जमिनीला लागला, आणि नाना म्हणाले की हा मोठ्या लोकांचा डाव आहे. पण ते नंतरचं. त्या दुपारी भाऊच्या धक्क्यापर्यंत त्यांनी जिजींचा हात हातातून सोडला नाही, आणि "घाम येतोय, सोडा आता, लोक बघतायत," असं म्हणत जिजींनीही तो काढून घेतला नाही.